ओव्हरड्राइव्ह लागत नाही? गिअरबॉक्स उतरवण्याआधी एक रविवार वायरिंगला द्या

डिसेंबरातली सकाळ होती. धुळ्याहून शिरपूरला निघालो होतो. सोनगीर मागे पडलं, रस्ता मोकळा झाला, वेग ८० वर स्थिर झाला, तरी आरपीएमचा काटा ३,००० वरून हलेना. इंजिन सारखं ओरडत होतं. गाडी जुनी जपानी सेडान, चार गिअरची ऑटोमॅटिक, पुण्याहून सेकंड हँड घेतलेली. गॅरेजात दाखवली तर उत्तर आलं, "गेरबॉक्स खोलनं पडी, भाऊ." खर्चाचा आकडा ऐकून मी गाडी तशीच घरी आणली.

गिअरबॉक्सला काहीच झालेलं नव्हतं. दोष दोन निघाले, दोन्ही बाहेरचे. एक इंचभर वायर आणि एक गायब झालेला पार्ट. ते सापडायला मला तीन आठवडे लागले, कारण मी उलट्या टोकाने सुरुवात केली. तुम्ही तसं करू नका, म्हणून हा सगळा क्रम लिहितो आहे.

आधी हे डोक्यात पक्कं करा

जुन्या चार गिअरच्या ऑटोमॅटिकमध्ये चौथा गिअर म्हणजेच ओव्हरड्राइव्ह, म्हणजे ओडी. तिसऱ्यात इंजिन आणि गिअरबॉक्सचा बाहेर जाणारा शाफ्ट जवळपास एकाच वेगाने फिरतात. चौथ्याचं गुणोत्तर साधारण ०.७ असतं. म्हणजे तिसऱ्यात ३,००० आरपीएम असेल तर त्याच वेगाला ओडीत २,१०० च्या आसपास यायला हवा.

जुनी कोरोला, पहिली आय-टेन ऑटोमॅटिक अशा गाड्यांत गिअरच्या दांड्यावर ओडीचं बटण असतं आणि डॅशबोर्डवर 'ओ/डी ऑफ' असा दिवा. नवखा माणूस इथेच फसतो. दिवा लागलेला असेल तर ओडी बंद आहे, विझलेला असेल तर ओडीला परवानगी आहे. माझे शेजारी आप्पा वर्षभर दिवा लावून गाडी चालवत होते. दिवा पेटलाय म्हणजे ओडी चालू, अशी त्यांची समजूत. पेट्रोल फार पितेय म्हणून गाडी विकायला निघाले होते!

आणखी एक. बटण दाबून तुम्ही चौथा गिअर टाकत नाही, फक्त परवानगी देता. निर्णय ईसीयू, म्हणजे गाडीतला छोटा कॉम्प्युटर, घेतो. इंजिन गरम आहे का, वेग किती, पाय ॲक्सिलरेटरवर किती दाबलाय, दांडा कुठल्या खाचेत आहे, हे सगळं बघून तो हो किंवा नाही म्हणतो. त्यामुळे शोधायचं एवढंच की 'नाही' कोण म्हणतंय.

काय काय जवळ हवं

- डिजिटल मल्टिमीटर. साधा चालेल, पण कंटिन्युइटीचा, म्हणजे वायर सलग जोडलेली असली की वाजणारा, 'बीप' असलेला घ्या.
- तुमच्याच मॉडेलचं आणि तुमच्याच सालचं वायरिंग डायग्राम. दोन वर्षं पुढचं-मागचं चालत नाही, वायरीचे रंग बदलतात.
- गाडीचं मॅन्युअल आणि आधीच्या मालकाकडची बिलं. बिलं मागून घ्याच. माझ्या कोड्याचं अर्धं उत्तर त्यांत होतं.
- फ्यूज बसवलेली जोडवायर, कॉन्टॅक्ट क्लीनर, जुना टूथब्रश, सोल्डर, हीट-श्रिंक स्लीव्ह, टॉर्च.
- फोनचा कॅमेरा. प्रत्येक कपलर, म्हणजे वायरी जोडणारा प्लग, काढण्याआधी फोटो काढा.

बल्बवाला टेस्टर ईसीयूच्या वायरीला लावू नका. तो बल्ब जेवढा करंट ओढतो तेवढा ईसीयूला सोसत नाही. आणि कन्सोल उघडल्यावर पिवळ्या स्लीव्हमधल्या वायरी किंवा पिवळे कपलर दिसले तर हात लावू नका. ते एअरबॅगचे असतात.

१. तक्रार खरी आहे का, ते रस्त्यावर बघा

मोकळा, सपाट रस्ता निवडा. आमच्याकडे मुंबई-आग्रा महामार्गाचा धुळे-शिरपूर पट्टा बरा. लळिंग घाटाकडे जाऊ नका. चढाला गाडी आपणहून ओडी सोडते, तो दोष नाही.

हळू ॲक्सिलरेटर देत ८० पर्यंत जा आणि काटा किती वेळा खाली पडतो ते मोजा. पहिल्यातून दुसरा, दुसऱ्यातून तिसरा, तिसऱ्यातून चौथा. शेवटी लॉक-अपचा, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स घसरण न होता थेट जोडले जाण्याचा, एक छोटा उतार येतो, दोन-चारशे आरपीएमचा. पुष्कळ जण हा लॉक-अपच चौथा गिअर समजतात.

आता स्थिर ८० वर ओडीचं बटण बंद करा. काटा झटकन वर गेला, तर ओडी लागलेला होता आणि तुमची तक्रार वेगळी आहे. दिवा लागला पण काटा हललाच नाही, तर ओडी मुळात नव्हता. दिवाही लागला नाही, तर आधी फ्यूज, बल्ब, बटण.

२. तेल आणि बॅटरी

हे पटकन उरका, पण गाळू नका. गाडी गरम, इंजिन चालू, जमीन सपाट. ब्रेकवर पाय ठेवून दांडा सगळ्या खाचांतून फिरवून परत 'पी' मध्ये आणा आणि मग ऑटोमॅटिकच्या तेलाची डिपस्टिक बघा. तेल काळं आणि जळका वास असेल तर हा लेख तुमच्या कामाचा नाही, आत खरोखर काहीतरी झालंय.

बॅटरी बंद गाडीत १२.६ व्होल्ट, चालू गाडीत १३.८ ते १४.५. फ्यूज नुसता डोळ्याने बघू नका, मीटरने दोन्ही टोकांना तपासा. केसाएवढी चीर दिसत नाही. ओडीचा फ्यूज बहुतेक वेळा मीटर किंवा रिव्हर्स दिव्याबरोबर वाटून घेतलेला असतो. ओडीबरोबर रिव्हर्सचा दिवाही गेला असेल तर सरळ फ्यूजकडेच जा.

३. कोड वाचा, तोही बॅटरी काढण्याआधी

ओडीचा दिवा नुसता पेटलेला नसून लुकलुकत असेल, तर ईसीयू तुमच्याशी बोलतोय, त्याने दोषाचा आकडा, म्हणजे कोड, नोंदवून ठेवलाय. आपल्याकडे पहिला सल्ला मिळतो तो 'बॅटरीची वायर काढून दहा मिनिटं ठेव' हा. त्याने दिवा विझतो आणि पुरावाही पुसला जातो.

जुन्या टोयोटांत निदानाच्या सॉकेटमधले टीई१ आणि ई१ हे दोन पॉइंट वायरने जोडून चावी 'ऑन' केली, की ओडीचा दिवाच कोड लुकलुकवतो. आधी दशकाचा आकडा, थोडी विश्रांती, मग एककाचा. एकसारखा, न थांबता लुकलुकला तर कोड नाही. ४२ आणि ६१ म्हणजे वेगाचे सेन्सर, ६२ आणि ६३ म्हणजे शिफ्टचे, म्हणजे गिअर बदलणारे, दोन सोलेनॉइड (विजेवर चालणारे छोटे व्हॉल्व्ह), ६४ म्हणजे लॉक-अपचा. कोड वाचताना ओडीचं बटण 'ऑन' स्थितीतच हवं. नाहीतर दिवा नुसता पेटून राहतो आणि तुम्ही बघत बसता. मी बसलो होतो.

नंतरच्या गाड्यांना स्कॅनर लागतो. पी ०७५३ आणि पी ०७५८ म्हणजे सोलेनॉइडच्या वायरिंगचा दोष, पी ०७०५ म्हणजे दांड्याची खाच सांगणारा स्विच, पी ०५०० वेगाचा सेन्सर, पी ०१२८ म्हणजे इंजिन पुरेसं गरमच होत नाही. भारतात ओबीडी-२ ची, म्हणजे स्कॅनरने दोष वाचता येण्याच्या ठरलेल्या पद्धतीची, सक्ती एप्रिल २०१३ पासूनची. त्याआधीच्या गाडीत सॉकेट असलं तरी स्वस्तातला ब्लूटूथ स्कॅनर तिच्याशी बोलेलच असं नाही.

४. गिअरबॉक्सची परीक्षा: कपलर काढून चालवा

माझ्या मते ही सगळ्यात मोलाची चाचणी आहे, आणि कुठल्याही गॅरेजात मला कुणी ती करून दाखवली नाही. जुन्या टोयोटा पद्धतीच्या, दोन शिफ्ट सोलेनॉइडच्या गिअरबॉक्सला ती लागू पडते. बाकीच्यांनी आपलं मॅन्युअल बघावं.

या गिअरबॉक्समध्ये सोलेनॉइड असे चालतात: पहिल्या गिअरला पहिला सोलेनॉइड चालू, दुसरा बंद. दुसऱ्याला दोन्ही चालू. तिसऱ्याला फक्त दुसरा चालू. आणि ओडीला दोन्ही बंद. म्हणजे वीज पूर्ण तोडली तर गाडी 'डी' मध्ये सरळ ओडीत जाते.

मग करायचं एवढंच. इंजिन बंद करून गिअरबॉक्सवरचा सोलेनॉइडचा कपलर काढा. गाडी 'एल' मध्ये टाकून निघा, हा पहिला गिअर. '२' मध्ये टाका, हा तिसरा. मग 'डी', हा ओडी. 'डी' मध्ये काटा २,१०० ला उतरला, तर आतले क्लच, व्हॉल्व्ह, तेलाचा दाब सगळं ठीक आहे आणि गिअरबॉक्स उतरवायची गरज नाही. थेट 'डी' मध्ये निघू नका, गाडी बैलासारखी अडेल. चाचणी झाल्यावर कपलर लावा आणि कोड पुसा, कारण कपलर काढल्याचीही नोंद ईसीयू घेतो.

माझी गाडी नरडाण्याजवळ 'डी' मध्ये गेली आणि काटा खाली आला, तेव्हा मी एकटाच गाडीत मोठ्याने हसलो.

यातून एक खूण मिळते. गाडी जागेवरून जड उठते, पण ओडी मिळतो, तर सोलेनॉइड किंवा त्याची वायर बघा. गाडी उठते छान, तीन गिअर नीट पडतात, फक्त चौथा नाही, तर सोलेनॉइडच्या मागे लागू नका. कुणीतरी परवानगी अडवून धरलीय.

५. बटण आणि त्याची वायर: तुटलेली नको, घासलेली शोधा

याच पद्धतीच्या गाड्यांत ओडीचं बटण 'ऑन' असतं तेव्हा आतले पॉइंट उघडे असतात. 'ऑफ' केलं की ते जुळतात, वायर अर्थ होते, म्हणजे गाडीच्या बॉडीला जोडली जाते, दिवा लागतो आणि ईसीयूला 'ओडी नको' असा निरोप जातो. म्हणजे वायर तुटली तर ओडी बंद पडत नाही, उलट कायम चालू राहतो, फक्त दिवा कधी लागत नाही. ओडी बंद पडतो तो वायर कुठेतरी घासून बॉडीला टेकली तर. मी आठ दिवस तुटलेली वायर शोधत होतो. सगळीकडे कंटिन्युइटी छान येत होती आणि मी वैतागत होतो.

क्रम असा:

कन्सोलचं झाकण काढा, दांड्याच्या पायथ्याशी बटणाचा कपलर शोधा. चावी 'ऑन', बटण 'ऑन'. दिवा पेटलेला असेल तर कपलर सोडवा. दिवा विझला, तर दोष बटणात किंवा दांड्यातून खाली येणाऱ्या वायरीत. दिवा तसाच राहिला, तर कपलरपासून डॅशबोर्डकडे जाणारी वायर कुठेतरी अर्थ होतेय. एका झटक्यात अर्धी गाडी तपासून होते.

मग सुट्या बटणाला मीटर लावा. 'ऑन' ला उघडं, 'ऑफ' ला जवळपास शून्य ओहम. मीटर लावलेलं असतानाच दांडा 'पी' पासून 'एल' पर्यंत सावकाश फिरवा. माझं मीटर 'पी' मध्ये गप्प होतं, 'डी' ला आल्यावर 'बीप' केलं. दांड्याच्या मुळाशी लोखंडी कडेवर वायरीचं आवरण पंचवीस वर्षं घासून निघालं होतं आणि आतलं तांबं नखाएवढं उघडं होतं. वायरिंगचं काम करणारे नाना बघायला आले होते. त्यांनी बोट लावलं, म्हणाले, "हाई वायर घासायेल शे," आणि चहा पिऊन गेले.

टेपपट्टी गुंडाळून भागवू नका. आपल्याकडच्या मे महिन्यात, ४४-४५ अंशांत, बंद गाडीत टेपचा डिंक पातळ होतो आणि पट्टी सुटते. वायर कापा, नवा तुकडा सोल्डर करा, स्लीव्ह चढवा, आणि दांडा पूर्ण फिरेल एवढी ढील ठेवून तिला कडेपासून दूर बांधा. बटणातच चहा सांडलेला असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनर बहुतेक वेळा पुरतो.

उंदरांनाही विसरू नका. दिवाळीनंतर भावाची वाट बघत कापूस घरात रचून ठेवलेला असतो, त्याच पडवीत गाडी उभी असते. कापसामागे उंदीर येतो आणि बोनेटखाली जातो. कुरतडलेली वायर दोन ठिकाणी असते, एक सापडली म्हणून थांबू नका.

६. रिले असलेल्या जुन्या गाड्या

ईसीयू नसलेल्या, आणखी जुन्या गाड्यांत ओडीला वेगळा सोलेनॉइड आणि रिले, म्हणजे विजेने चालणारा स्विच, असतो. काहींत सोलेनॉइडला करंट मिळाला की ओडी लागतो, काहींत करंट मिळाला की ओडी सुटतो. डायग्रामवर हे पाहिल्याशिवाय मीटर हातात घेऊ नका, नाहीतर बरोबर रीडिंगला चूक समजाल. रिले उघडून आतले सोल्डरचे टाके भिंगातून बघा. जुन्या रिलेत टाक्याभोवती गोल चीर पडते. गाडी गार असताना जोडलेली, तापली की सुटते. पुन्हा सोल्डर केलं की काम होतं.

सोलेनॉइडचा रेझिस्टन्स, चालू-बंद प्रकारचा असेल तर, गार असताना साधारण ११ ते १५ ओहम येतो. फ्यूजवाल्या वायरने क्षणभर १२ व्होल्ट दिले की 'टक्' असा आवाज यायला हवा. पण रेझिस्टन्स ३ ओहमच्या आसपास असेल तर तो पल्सवर चालणारा आहे. त्याला थेट १२ व्होल्ट देऊ नका, जळेल.

७. थर्मोस्टॅट, म्हणजे आपल्याकडचं खास दुखणं

वायर नीट केली, ओडी लागला, दोन दिवस मजेत गेले. तिसऱ्या दिवशी पहाटे निघालो आणि पुन्हा तेच, ३,००० आरपीएम! दुपारी परत येताना गाडी ओडीत. दुसऱ्या पहाटे परत नाही. मी पुन्हा कन्सोल उघडून बसलो, सोल्डर तपासलं, काही निघेना.

मग आरपीएमऐवजी टेंपरेचरच्या काट्याकडे बघितलं. तो अर्ध्यापर्यंत कधी येतच नव्हता.

कूलंट साधारण ५०-६० अंशांच्या खाली असताना ईसीयू ओडी देत नाही. इंजिन लवकर गरम व्हावं म्हणून तशी सोयच असते. थर्मोस्टॅट सुमारे ८२ अंशांना उघडतो, तोपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ देत नाही. माझ्या गाडीत तो नव्हताच. आधीच्या मालकाच्या बिलांच्या गठ्ठ्यात एक चिठ्ठी सापडली, 'थर्मोस्टॅट काढला, हीटिंग कम्प्लेंट'. गरम मुलखात हा सर्रास केला जाणारा जुगाड आहे. मे महिन्यात तो खपून जातो. पण डिसेंबर-जानेवारीत धुळ्याचा पारा ८ अंशांच्याही खाली येतो. तेव्हा हायवेवर समोरून गार वारा, रेडिएटरमधून सतत फिरणारं पाणी, आणि इंजिन कोमटच राहतं. ईसीयू बिचारा नियमाप्रमाणे वागत होता.

थर्मोस्टॅट जागेवर असेल तर कूलंटचा सेन्सर मोजा. २० अंशांना २ ते ३ किलोओहम, ८० अंशांना ३०० ओहमच्या आसपास. गरम इंजिनलाही हजारांत आकडा येत असेल तर ईसीयूला इंजिन गारच वाटत राहणार. इंजिन गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडू नका.

नवा थर्मोस्टॅट, नवं गॅस्केट, साधं पाणी काढून कूलंट, आणि सिस्टीममधली हवा काढणं, एवढं सगळं एका सकाळीत झालं. हवा राहिली तर काटा उड्या मारतो आणि गॅरेजवाला पुन्हा म्हणतो, "बघा, म्हणून काढला होता." गाडी खरोखर तापत असेल तर रेडिएटर चोंदलाय का आणि पंखा लागतो का ते बघा.

८. एवढं करूनही नाहीच लागला तर

स्पीडोमीटरचा काटा उड्या मारत असेल तर वेगाचा सेन्सर. डॅशबोर्डवर 'डी' चा दिवा अधूनमधून जात असेल, किंवा गाडी 'पी' मध्ये स्टार्ट न होता 'एन' मध्येच होत असेल, तर दांड्याची खाच सांगणारा स्विच. गिअरबॉक्सच्या अंगाला असल्याने पावसाळ्यात काळी माती त्याच्यात भरते. थ्रॉटलचा सेन्सर पाय काढलेला असताना अर्ध्या व्होल्टच्या आसपास असावा आणि पूर्ण दाबेपर्यंत ४ च्या आसपास, मध्ये न तुटता, चढत जावा. मध्येच उडी घेतली तर ईसीयूला तुम्ही सारखे ओव्हरटेक करताय असं वाटतं.

इथवर येऊनही हाती काही लागलं नाही, तर वरच्या सगळ्या रीडिंगचा कागद घेऊन गॅरेजात जा. 'चौथा लागत नाही' एवढंच सांगितलं तर गिअरबॉक्स उतरतो. 'कपलर काढून डी मध्ये ओडी लागतो, बटणाची वायर ठीक, कूलंट ८५ अंश' असं सांगितलं तर समोरच्यालाही विचार करावा लागतो.

माझ्या गाडीच्या बोनेटला आतून एक कागद प्लॅस्टिकमध्ये घालून चिकटवलाय. त्यावर बसवल्याची तारीख आहे आणि खाली मोठ्या अक्षरांत: 'थर्मोस्टॅट काढू नये. विचारूनही नये.'